चष्मेवाला आयडर

चष्मेवाला आयडर (शास्त्रीय नाव: सोमाटेरिया फिशेरी) हे उत्तर ध्रुवीय प्रदेशात आढळणारे एक समुद्री बदक आहे. उन्हाळ्यात ते अलास्का व सैबेरियाच्या किनारी टुंड्रा प्रदेशात घरटी करते आणि हिवाळा बेरिंग समुद्रातील तरत्या बर्फामधील फटींत काढते. या जातीचे जगातील जवळजवळ सर्व पक्षी हिवाळ्यात सेंट लॉरेन्स आणि सेंट मॅथ्यू या दोन बेटांच्या दरम्यान समुद्राच्या एका मर्यादित भागात एकत्र येतात. तेथे ४० ते ७० मीटर खोल बुड्या मारून ते समुद्रतळाच्या चिखलातील शिंपले खातात. हे ठिकाण १९९५ पर्यंत शास्त्रज्ञांना माहीत नव्हते. १९९३ मध्ये अमेरिकेने या बदकाला संकटग्रस्त जाती म्हणून कायदेशीर संरक्षण दिले, त्या वेळी ते हिवाळा कोठे काढते आणि काय खाऊन जगते, या प्रश्नांची उत्तरे कोणाकडेही नव्हती.

नाव व वर्गीकरण

बदकांच्या कुळात समुद्री बदकांचा एक स्वतंत्र गट मानला जातो. स्कोटर, लांबशेपटी बदक, गोल्डनआय, मर्गन्सर आणि आयडर हे पक्षी या गटात येतात. आयडरच्या चार जाती असून त्यांपैकी सामान्य आयडर, राजा आयडर आणि चष्मेवाला आयडर या तीन जाती सोमाटेरिया प्रजातीत मोडतात. चौथा, आकाराने लहान असलेला स्टेलरचा आयडर वेगळ्या प्रजातीत ठेवला जातो. चष्मेवाल्या आयडरचे शास्त्रीय वर्णन योहान फ्रीड्रिख ब्रांट यांनी १८४७ मध्ये केले. जातीच्या नावातील ‘फिशेरी’ हा शब्द निसर्गशास्त्रज्ञ गॉटहेल्फ फिशर फॉन वाल्डहाइम यांच्या सन्मानार्थ योजलेला आहे.

वर्णन

या बदकाची लांबी साधारण ५० ते ५७ सेंटिमीटर असते. विणीच्या हंगामातील नराचे डोके फिकट हिरवे, चोच नारिंगी, पाठ पांढरी, तर छाती व पोट काळे असते. डोळ्याभोवती काळ्या कडेचे मोठे पांढरे वर्तुळ असते व त्यामुळे पक्ष्याने चष्मा घातल्यासारखे दिसते. मादी तपकिरी असून तिच्या अंगावर गडद आडव्या रेषा असतात. तिच्या डोळ्याभोवतीही फिकट तपकिरी रंगाचा पुसट ‘चष्मा’ असतो. चोचीच्या बुडापासून नाकपुड्यांपर्यंत मऊ पिसांचे आच्छादन असते.

वार्षिक जीवनक्रम

विणीचे प्रदेश तीन आहेत: पश्चिम अलास्कातील युकॉन-कुस्कोक्विम नद्यांचा त्रिभुज प्रदेश, अलास्काचा उत्तर किनारी सपाट प्रदेश आणि आर्क्टिक रशियाचा किनारा. बहुसंख्य पक्षी रशियात वीण करतात. मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला जोड्या टुंड्रावर पोहोचतात. मादी डबक्यांच्या काठी गवतात घरटे करते. ती अंडी उबवू लागली की नर समुद्राकडे निघून जातो. म्हणजे नराच्या वर्षातील जेमतेम काही आठवडेच जमिनीवर जातात. उन्हाळ्यात हे पक्षी गोड्या व मचूळ पाण्याच्या डबक्यांतील कीटकांच्या अळ्या, लहान कवचधारी प्राणी आणि वनस्पतींच्या बिया खातात. अंडी उबवण्याच्या काळात मादी फारच थोडे खाते आणि मुख्यतः अंगातील साठ्यावर निभावते.

वीण संपल्यावर पिसे गळण्याचा काळ येतो आणि काही आठवडे पक्ष्यांना उडता येत नाही. या काळात ते चुकची समुद्रातील लेडयार्ड उपसागर, अलास्कातील नॉर्टन साउंडचा पूर्व भाग, रशियातील मेचिग्मेन्स्की उपसागर आणि इंडिगिर्का व कोलिमा नद्यांच्या मुखांजवळील समुद्र येथे थव्यांनी राहतात. ऑक्टोबरच्या सुमारास बर्फ पसरू लागला की तेथूनही ते निघून जातात.

हिवाळी अधिवासाचा शोध

ऑक्टोबरनंतर हे पक्षी कोठे जातात, हे पक्षिशास्त्रातील जुने कोडे होते. बेरिंग समुद्र हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावर गोठतो. दिवस लहान, हवामान वादळी आणि किनारा दूर, त्यामुळे तेथे पाहणी करणे कठीण असते. दक्षिणेकडील बर्फमुक्त किनाऱ्यांवर, जेथे इतर आयडर हिवाळ्यात दिसतात, तेथे चष्मेवाले आयडर फारसे आढळत नसत. त्यामुळे ते बर्फाच्या दक्षिण कडेला किंवा खुल्या समुद्रात असावेत, असे तर्क केले जात.

१९९० च्या दशकात विणीच्या प्रदेशांत पकडलेल्या काही पक्ष्यांच्या शरीरात शस्त्रक्रियेने उपग्रह प्रक्षेपक बसवण्यात आले. या प्रक्षेपकांचे संकेत भर हिवाळ्यात सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेकडील गोठलेल्या समुद्रातून आले. १९९५ च्या हिवाळाअखेरीस विमानातून त्या जागेची पाहणी केली असता बर्फातील लहान लहान फटींमध्ये या बदकांचे प्रचंड थवे दिसले. थवे इतके दाट होते की काही ठिकाणी पाणी दिसतच नव्हते. मार्गारेट पीटरसन, विल्यम लार्नेड आणि डेव्हिड डग्लस यांनी १९९९ मध्ये या शोधाची माहिती प्रसिद्ध केली. आपल्या लेखाच्या शीर्षकात त्यांनी त्याला १२० वर्षांचे उकललेले कोडे म्हटले.

त्यानंतर छायाचित्रांवरून गणना करणे शक्य झाले. १९९७ मध्ये या भागात सुमारे ३ लाख ६३ हजार पक्षी असल्याचा अंदाज निघाला आणि २०१० मध्ये सुमारे ३ लाख ६९ हजार. विणीच्या प्रदेशांतील विखुरलेल्या घरट्यांवरून कोणालाही एवढ्या संख्येची कल्पना आली नव्हती. या आकड्यांमुळे मोठा दिलासा मिळाला. त्याचबरोबर एक नवी चिंताही पुढे आली, कारण संपूर्ण जातीचे भवितव्य हिवाळ्यात एकाच ठिकाणच्या अन्नावर अवलंबून असल्याचे स्पष्ट झाले.

हिवाळ्यातील आहार

खाद्य

हिवाळ्यात या बदकाचा आहार जवळजवळ पूर्णपणे द्विपुट मृदुकाय प्राण्यांचा, म्हणजे कोकण किनाऱ्यावरील तिसऱ्यांप्रमाणे दोन शिंपांच्या कवचात राहणाऱ्या प्राण्यांचा असतो. जेम्स लव्हॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च-एप्रिल २००१ मध्ये बर्फफोड्या जहाजावरून या भागाचा अभ्यास केला. तपासलेल्या पक्ष्यांच्या अन्ननलिकेत केवळ शिंपलेच सापडले आणि त्यांत नुक्युलाना रेडिएटा ही जाती जवळजवळ एकमेव होती. बहुतेक शिंपल्यांची लांबी १८ ते २४ मिलिमीटर होती. या समुद्रतळावर पूर्वी मॅकोमा कॅल्केरिया या जातीच्या शिंपल्यांचे प्राबल्य होते. पुढे तेथील शिंपल्यांचे एकूण प्रमाण घटत गेले आणि जातींचा क्रमही बदलला. तळावर जे विपुल होते तेच पक्षी खात होते, असा या निष्कर्षांचा एक अर्थ लावता येतो. मात्र शिंपल्याची जाती बदलली की कवचाची जाडी, आतील मांसाचे प्रमाण आणि चिखलातील खोली हे सर्व बदलते, आणि प्रत्येक बुडीतून पक्ष्याच्या पदरात काय पडते हे त्यावरच ठरते.

बुडी आणि पचन

चष्मेवाला आयडर शिंपला फोडून खात नाही, तो अख्खा गिळतो. स्नायुमय पेषणीत कवचाचा चुरा होतो आणि तो विष्ठेतून बाहेर पडतो. ही पद्धत सोपी दिसत असली तरी तिची किंमत मोठी आहे. गिळलेल्या वजनातील बराच भाग निरुपयोगी कवचाचा असतो. शिंपल्यातील पाणी समुद्राच्या पाण्याइतकेच खारट असते. हे जादा मीठ डोळ्यांच्या वर असलेल्या लवणग्रंथींद्वारे बाहेर टाकावे लागते व त्या कामातही ऊर्जा खर्च होते. शिवाय गोठणबिंदूजवळ असलेला हा सगळा घास शरीराच्या तापमानापर्यंत तापवावा लागतो.

बुडीचा खर्च यात आणखी भर घालतो. पिसांमध्ये अडकलेल्या हवेमुळे बदक पाण्यावर सहज तरंगते. खाली जाताना मात्र हीच हवा त्याला वर ढकलत असते. आयडर पाय आणि अर्धवट उघडलेले पंख दोन्ही वापरून हा विरोध मोडतात. खोल गेल्यावर पाण्याच्या दाबाने हवा आकुंचन पावते. वर ढकलणारा जोर त्यामुळे कमी होतो, पण त्याच कारणाने पिसांचे उबदार आवरणही पातळ होते, आणि तळाशी पाणी उणे दीड अंशाच्या आसपास असू शकते. परतीचा प्रवास त्या मानाने स्वस्त पडतो, कारण शेवटच्या टप्प्यात पक्षी फारसे हातपाय न हलवता वर येतो. तळाशी मिळणाऱ्या थोड्याशा वेळात त्याला अंधारात, चिखलात दडलेले शिंपले शोधून गिळायचे असतात.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. समुद्रतळावर सरासरी किती शिंपले आहेत याला पक्ष्याच्या दृष्टीने फारसे महत्त्व नसते. एका चौरस मीटरात पुरेसे शिंपले एकवटलेले असतील तरच बुडी परवडते. घनता विशिष्ट मर्यादेखाली गेली की तळावर अन्न असूनही ते पक्ष्याच्या उपयोगाचे राहत नाही, कारण ते मिळवण्यात खर्च होणारी ऊर्जा मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त ठरते. त्यामुळे विस्तीर्ण समुद्रातील मोजके दाट पट्टेच या बदकांचे खरे खाद्यक्षेत्र असतात.

प्रतिस्पर्धी

हे पट्टे केवळ आयडरांचे नाहीत. पॅसिफिक वॉलरस आणि दाढीवाला सील हेही येथील तळावर चरतात. स्नो क्रॅब जातीचे खेकडे, तारामासे व शिकारी गोगलगायी लहान शिंपले खातात. वॉलरस साधारणपणे मोठे शिंपले निवडतो, त्यामुळे त्याची आणि आयडरची थेट स्पर्धा मर्यादित असते. पण कोवळे शिंपले खेकड्यांनी संपवले तर काही वर्षांनी आयडरला हवे त्या आकाराचे शिंपले कमी पडतात.

समुद्रतळ समृद्ध का आहे

उत्तर बेरिंग समुद्र उथळ आहे. वसंत ऋतूत बर्फ वितळू लागताच प्रकाश मिळून बर्फालगतच्या शैवालांची आणि वनस्पती प्लवकांची एकदम वाढ होते. पाणी अतिशय थंड असल्याने त्या वेळी ते खाणारे प्राणी प्लवक थोडे असतात. परिणामी या अन्नाचा मोठा भाग न खाल्ला जाता खाली बसतो आणि तळावरील शिंपले, कृमी व कवचधारी प्राण्यांना मिळतो. बर्फ तयार होताना मागे राहणारे थंड, खारट व जड पाणीही तळाशी साचते. उन्हाळ्यातही टिकणारा हा थंड थर पोलॉक, कॉड यांसारख्या दक्षिणेकडील माशांना अडवणाऱ्या भिंतीसारखा ठरतो. आयडरांचे खाद्य म्हणूनच त्यांच्या डोक्यावरील बर्फाशी दोन प्रकारे जोडलेले आहे: बर्फ तळाला अन्न पुरवतो आणि भक्षकांना दूर ठेवतो.

बर्फाची दुहेरी भूमिका

बर्फाचा आणखी एक उपयोग लव्हॉर्न यांच्या अभ्यासातून पुढे आला. दोन बुड्यांच्या मधल्या काळात हे पक्षी बर्फावर चढून विश्रांती घेतात. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने शरीरातील उष्णता खेचून घेते. म्हणून गोठणबिंदूजवळच्या पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा बर्फावर बसणे ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणिती प्रतिमानानुसार, विश्रांतीसाठी बर्फ उपलब्ध असेल तर शिंपल्यांची तुलनेने कमी घनताही पक्ष्यांना पुरते. बर्फ नसेल तर तेवढ्याच घनतेच्या जागा निरुपयोगी होतात.

याउलट बर्फ फार दाट झाला तर तळावरचे उत्तम पट्टे झाकले जातात. बुडी मारण्यासाठी फट हवी, आणि ती नेमकी दाट शिंपल्यांच्या वर हवी. फटी कोठे उघडतील हे मात्र वारा व प्रवाह ठरवतात. थव्यांच्या सततच्या हालचालीमुळे लहान फटी गोठण्यास काहीसा विलंब होत असावा, असे मानले जाते.

या दुहेरी भूमिकेचा पुरावा पक्ष्यांच्या जगण्यातही दिसला. युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात वीण करणाऱ्या, वळी घातलेल्या माद्यांच्या दीर्घकालीन नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात बर्फ फार जास्त असलेल्या आणि फार कमी असलेल्या, अशा दोन्ही टोकांच्या वर्षी माद्यांचे जगण्याचे प्रमाण घटल्याचे त्यात आढळले. हा परिणाम पुढच्या विणीपर्यंत पोहोचू शकतो, कारण अंडी उबवताना मादी ज्या चरबीवर जगते तिची सुरुवात हिवाळाअखेरच्या याच शिंपल्यांपासून होते.

संख्येतील घट

युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात १९७० च्या दशकात चष्मेवाल्या आयडरच्या सुमारे ४८ हजार जोड्या वीण करत असल्याचा अंदाज आहे. १९९२ पर्यंत ही संख्या दोन हजारांच्याही खाली आली. ही घट सुमारे ९६ टक्के होते. १० मे १९९३ रोजी संकटग्रस्त जातींविषयीच्या अमेरिकी कायद्याखाली ही जाती समाविष्ट करण्यात आली.

घटीच्या कारणांचा शोध घेताना त्रिभुज प्रदेशातील शिशाच्या विषबाधेकडे लक्ष गेले. बंदुकीचे शिशाचे छर्रे डबक्यांच्या तळाशी साचतात आणि पेषणीसाठी खडे वेचणारी बदके तेही गिळतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, शिशाची बाधा झालेल्या माद्यांचे वार्षिक जगण्याचे प्रमाण ४४ टक्के, तर बाधा नसलेल्या माद्यांचे ७८ टक्के होते. एखाद्या दीर्घायुषी पक्ष्याच्या संख्येसाठी एवढा फरक फार मोठा ठरतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यास अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंदी आहे, तरी जुने छर्रे डबक्यांच्या वरच्या थरात दीर्घकाळ टिकून राहतात. याशिवाय अंडी व पिले खाणारे आर्क्टिक कोल्हे व कुरव आणि शिकार ही कारणेही पुढे केली जातात. संपूर्ण घट एकट्या कोणत्याही कारणाने समजावता आलेली नाही. हिवाळी अधिवासच अज्ञात असल्याने त्या काळात समुद्रात काय घडले याची थेट नोंद उपलब्ध नाही, आणि ही उणीव मागे जाऊन भरून काढता येणारी नाही. पुढील काळात त्रिभुज प्रदेशातील संख्या पुन्हा वाढू लागली.

संवर्धन

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जाती ‘संकटसमीप’ गटात आहे. अमेरिकेत तिच्या शिकारीस परवानगी नाही. २००१ मध्ये अमेरिकेने सुमारे एक लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या जातीचा ‘निर्णायक अधिवास’ म्हणून जाहीर केले. त्यात युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशातील विणीच्या जागांबरोबर नॉर्टन साउंड, लेडयार्ड उपसागर आणि सेंट लॉरेन्स व सेंट मॅथ्यू बेटांमधील हिवाळी क्षेत्र यांचा समावेश आहे. सहा वर्षांपूर्वीचा शोध लागला नसता तर यातील हिवाळी क्षेत्र नकाशावर आलेच नसते.

हिवाळी अधिवासाच्या दृष्टीने मासेमारीविषयक निर्णयाचे महत्त्व याहून कमी नाही. तळावरून ओढली जाणारी ट्रॉल जाळी चिखल उकरतात आणि शिंपल्यांचे पट्टे विस्कटतात. २००८ मध्ये उत्तर बेरिंग समुद्राचा मोठा भाग संशोधन क्षेत्र म्हणून राखून तळ-ट्रॉल मासेमारीसाठी बंद करण्यात आला. या भागात अशी मासेमारी तोपर्यंत मोठ्या प्रमाणावर सुरूच झालेली नव्हती. त्यामुळे हानी होण्यापूर्वी घेतलेल्या थोड्या निर्णयांपैकी हा एक म्हणता येतो.

जहाज वाहतूक हा वाढता धोका आहे. उत्तरेकडील बर्फ कमी होत असल्याने बेरिंग सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांची संख्या वाढत आहे. सांडलेले तेल पिसांना लागले की त्यांची ऊब नाहीशी होते आणि गोठत्या पाण्यात पक्षी थोड्याच वेळात दगावतो. तेलगळती इतरत्र झाली तर तिची झळ एखाद्या थव्याला बसेल. हिवाळ्यात सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेला झाली तर संपूर्ण जाती तिच्या टप्प्यात येऊ शकते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१८ मध्ये बेरिंग समुद्र व सामुद्रधुनीसाठी जहाजांचे मार्ग आखून दिले आणि सेंट लॉरेन्स बेटासह काही बेटांभोवती जहाजांनी टाळावयाची क्षेत्रे निश्चित केली.

हवामान बदल

२००६ मध्ये जॅकलिन ग्रेबमायर व सहकाऱ्यांनी उत्तर बेरिंग समुद्राच्या परिसंस्थेत मोठा बदल होत असल्याचे दाखवून दिले. हवा व पाणी तापत आहे, बर्फ घटत आहे, तळावरील जीव कमी होत आहेत आणि पाण्याच्या मधल्या थरातील मासे वाढत आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१७-१८ च्या हिवाळ्यात बेरिंग समुद्रातील बर्फ तोपर्यंतच्या नोंदींतील नीचांकावर गेला. तळाचा थंड थर जवळजवळ नाहीसा झाला आणि पोलॉक व पॅसिफिक कॉड हे मासे मोठ्या संख्येने उत्तरेकडे सरकल्याचे पाहण्यांत आढळले. मासे उत्तरेत स्थिरावले तर त्यांच्यामागोमाग मासेमारी नौकांसाठीही उत्तरेचा भाग खुला करण्याची मागणी येणे स्वाभाविक आहे.

संरक्षित क्षेत्राच्या सीमा ठरवतानाही यातून अडचण निर्माण होते. नकाशावरील रेषा स्थिर असते, पण शिंपल्यांचे दाट पट्टे काही वर्षांत सरकतात आणि त्यांच्यावरील बर्फ तर दर आठवड्याला जागा बदलतो. २००९ च्या प्रतिमानात परवडणारे खाद्यक्षेत्र वर्षागणिक बरेच बदलत असल्याचे दिसले. एखाद्या वर्षी पक्षी जेथे दिसले तेवढीच जागा राखून ठेवल्यास ती पुढच्या वर्षी अपुरी पडू शकते. त्या वर्षी रिकामी दिसलेली पण शिंपल्यांनी समृद्ध असलेली शेजारची जागाही राखणे म्हणून आवश्यक ठरते. त्यासाठी पक्ष्यांच्या हवाई गणनेबरोबरच समुद्रतळाचे नमुने नियमितपणे घ्यावे लागतात. सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेकडील ठरावीक ठिकाणी असे नमुने अनेक दशकांपासून घेतले जात आहेत.